अंडी उकडताना आणि उकडल्यावर : नागपूरच्या उन्हाळ्यात या चुका टाळा

अंडं गंजात, म्हणजे पातेल्यातच, फुटलं, सोलताना अर्धा पांढरा भाग टरफलाबरोबर गेला, बलकाभोवती हिरवट कडं आलं. या तीन तक्रारी घरोघरी ऐकू येतात आणि तिन्हींचे इलाज सोपे आहेत. मोठी चूक मात्र गॅस बंद केल्यानंतर होते. तिची तक्रार कोणी करत नाही, कारण पोट बिघडलं की दोष आदल्या दिवशीच्या लग्नातल्या जेवणावर जातो. सकाळी उकडलेली अंडी दुपारपर्यंत ओट्यावर पडलेली असतात आणि कोणी हटकलंच तर उत्तर तयार असतं, "काही होत नाही बापा, उकडलेली आहेत."

होतं. उकडलेलं अंडं कच्च्या अंड्यापेक्षा लवकर खराब होतं. कच्च्या अंड्याच्या टरफलावर हजारो बारीक छिद्रं असतात आणि ती बुजवणारा एक पातळ नैसर्गिक थर असतो. शिवाय आतल्या पांढऱ्या भागात जंतूंना आवरणारी द्रव्यं असतात. उकळत्या पाण्यात तो थर निघून जातो आणि आतली राखणही ढिली पडते. उकडताना जंतू मेले हे खरं, पण नंतर हातावरचे, फडक्यावरचे, ओट्यावरचे नवे जंतू आले तर त्यांना अडवणारं फारसं काही उरत नाही.

म्हणून उकडलेलं अंडं फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. अन्नसुरक्षेचा हा सर्वमान्य नियम आहे. आता नवतपातलं नागपूर आठवा. बाहेर पारा ४५ च्या आसपास, हॉलमध्ये कूलर, आणि स्वयंपाकघरात कूलरची हवा पोचतच नाही. ३२ अंश इथे मार्चमध्येच मागे पडतात. म्हणजे आपल्याकडे वर्षातले कित्येक महिने दोन तासांचा नव्हे, एका तासाचा नियम चालतो. सात वाजता उकडून डब्यात भरलेलं आणि एक वाजता ऑफिसात उघडलेलं अंडं यात कुठेच बसत नाही.

डब्यात अंडं न्यायचंच असेल तर रात्री उकडा, गार करा, टरफलासकट फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी बर्फाच्या पाकिटासोबत भरा. सोलायचं जेवतानाच. ऑफिसात फ्रिज असेल तर डबा पोचल्याबरोबर त्यात. हे जमण्यासारखं नसेल तर उन्हाळाभर डब्यात चणे-फुटाणे बरे. विदर्भ एक्सप्रेसने रात्रभराच्या प्रवासाला निघताना उकडलेली अंडी बांधून नेण्याची सवयही याच हिशेबाने सोडायला हवी. गाडीत बसून तासाभरात खाणार असाल तर न्या, सकाळी कल्याणला खायला ठेवू नका.

फ्रिजमध्ये टरफलासकट ठेवलेली उकडलेली अंडी आठवडाभर चालतात. सोललेली असतील तर झाकणाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवा. फ्रिजच्या दारात अंड्यांसाठी खाचे केलेले असतात, पण दार सारखं उघडझाक होतं आणि तिथलं तापमान वरखाली होत राहतं. अंडी आतल्या कप्प्यात ठेवावी, कच्ची असोत की उकडलेली.

टाकीचं पाणी 'थंड' नसतं

अंडी उकडण्याच्या जवळपास प्रत्येक कृतीत एक वाक्य असतं : अंडी लगेच थंड पाण्यात टाका. मे महिन्यात दुपारी आपल्या नळाला गच्चीवरच्या टाकीचं पाणी येतं, आणि त्याने हात भाजतो. त्या पाण्यात अंडी गार होत नाहीत, आतून शिजतच राहतात. बलक कोरडा पडतो, हिरवं कडं येतं, टरफल चिकटतं. मग दोष अंड्यांना, दुकानदाराला, गॅसला.

गार करायला माठातलं पाणी घ्या, किंवा बर्फाचे खडे टाका. पाणी कोमट झालं की एकदा बदला. दहा मिनिटांत अंडं आतपर्यंत गार होतं. गार करण्याचा फायदा दुहेरी आहे : शिजणं थांबतं, आणि जंतू वाढतात त्या साधारण ५ ते ६० अंशांच्या टप्प्यातून अंडं लवकर बाहेर पडून फ्रिजमध्ये जाऊ शकतं.

हीच गडबड सुरुवातीलाही होते. 'थंड पाण्यात अंडी ठेवा, उकळी आली की गॅस बंद करा, झाकून बारा मिनिटं ठेवा' ही पद्धत जानेवारीत एक अंडं देते आणि मेमध्ये दुसरं. जानेवारीत पहाटे नळाचं पाणी बर्फासारखं, त्याला उकळी यायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ अंडं तापत असतं. मेमध्ये पाणी आधीच गरम, उकळी झटकन. गंज जाड की पातळ, अंडी चार की बारा, यावरही सगळं बदलतं.

त्यापेक्षा आधी पाण्याला उकळी आणा आणि मग झाऱ्याने किंवा पळीने अंडी अलगद सोडा. वेळ तिथून मोजायची. फ्रिजमधून काढलेल्या मध्यम अंड्याला वाहत्या बलकासाठी सहा-सात मिनिटं, मऊसर बलकासाठी नऊ, पूर्ण घट्ट बलकासाठी अकरा-बारा. बाहेरच्या तापलेल्या ट्रेमधलं अंडं असेल तर मिनिटभर कमी. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास आहे, पाणी ९९ अंशांना उकळतं, त्यामुळे उंचीचा काही हिशेब करावा लागत नाही. चिखलदऱ्याला गेलात तर मिनिटभर वाढवा.

सोलताना चिंधड्या का होतात

गंमत अशी की अंडं जितकं ताजं तितकं सोलायला वाईट. ताज्या अंड्याचा पांढरा भाग कमी अल्कधर्मी असतो आणि टरफलाच्या आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून बसतो. दिवस जातात तसा कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून बाहेर पडतो, पांढऱ्याची अल्कता वाढते आणि ती पकड सुटते. तेव्हा कालच खेड्यातून आलेली गावरान अंडी करीसाठी उकडू नका, त्यांचं ऑम्लेट करा. उकडायला फ्रिजमध्ये आठवडाभर राहिलेली घ्या.

थेट उकळत्या पाण्यात सोडलेली किंवा वाफवलेली अंडीही चांगली सोलली जातात. इडलीपात्रात बारा-तेरा मिनिटं वाफवून बघा. सोलताना आधी बोथट टोक ठोका. हवेची पोकळी तिकडे असते, बोट आत शिरायला जागा मिळते. पुढे पाण्याच्या धारेखाली सोला. पाण्यात सोडा टाकण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. थोडा उपयोग होतो, पण अंड्याला वास लागतो. माझ्या मते नको.

फुटण्याचं कारण तीच हवेची पोकळी. अंडं एकदम तापलं की हवा फुगते आणि बाहेर पडायला वाट नसते. बोथट टोकाला स्वच्छ टाचणीने बारीक भोक पाडलं तर फरक पडतो. त्याहून मोठं कारण म्हणजे खळखळती उकळी : अंडी एकमेकांवर आदळतात. अंडी सोडली की आच कमी करा, पाणी नुसतं हलत राहिलं तरी पुरे. पाण्यात चमचाभर मीठ किंवा व्हिनेगर टाकल्याने टरफल फुटायचं थांबत नाही, पण तडकलंच तर बाहेर येणारा पांढरा भाग तिथेच गोठतो.

कुकरमध्ये बटाट्यांसोबत अंडी टाकून तीन शिट्ट्या काढणं ही खास आपल्या घाईतून आलेली चूक. कुकरात तापमान १२० अंशांजवळ जातं. बटाटा शिजतो, पण पांढरा भाग रबर होतो आणि बलक पिठासारखा भुरभुरतो. हिरवं कडंही हमखास येतं : जास्त तापल्याने पांढऱ्यातलं गंधक सुटतं आणि बलकातल्या लोहाला जाऊन मिळतं. दिसायला ओंगळ, खायला निर्धोक. ते अंडं टाकून देऊ नका.

आणताना

उन्हात ठेवलेल्या ट्रेमधली अंडी घेऊ नका, हे सांगायला नको. गावरान अंड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. पोल्ट्रीतली खायची अंडी फलित नसतात, गावरान बहुतेकदा असतात. कोंबडी साधारण साडेसदतीस अंशांच्या उबेने अंडी उबवते. आपल्या उन्हाळ्यात टोपली नुसती पडवीत ठेवली तरी तेवढी ऊब मिळते आणि आत वाढ सुरू होऊ शकते. अंधारात मोबाइलचा टॉर्च अंड्यामागे धरा. रक्ताच्या शिरांचं जाळं किंवा वर्तुळ दिसलं तर ते बाजूला ठेवा. बलकावर नुसता एखादा लाल ठिपका असेल तर तो अंडं तयार होतानाचा, खायला हरकत नाही.

पाण्यात तरंगणारं अंडं जुनं असतं. सडलेलंच असेल असं नाही. वेगळ्या वाटीत फोडून वास घ्या, निकाल लगेच लागतो. तडकलेलं अंडं दुकानदार दोन रुपये कमी करून देतो, ते घेऊ नका. आणि आणल्याबरोबर सगळी अंडी धुऊन ठेवू नका. त्याने वरचा राखणीचा थर जातो. घाण असेल तर कोरड्या कापडाने पुसा, धुवायचं ते उकडायच्या वेळी.

कच्चं, अर्धवट आणि ठेल्यावरचं

साल्मोनेला हा जंतू टरफलावर असतो तसा क्वचित अंड्याच्या आतही असतो, कारण कोंबडीच्या अंडाशयातूनच तो येऊ शकतो. म्हणजे टरफल स्वच्छ दिसतंय यावर भरवसा नाही. ७१ अंशांपर्यंत तापलं की तो मरतो, आणि तेव्हा बलक घट्ट झालेला असतो. धडधाकट माणसाने वाहता बलक खायचा की नाही हे त्याचं त्याने ठरवावं. लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई आणि आजारातून उठलेला माणूस यांना घट्टच द्या. दुधात कच्ची अंडी फेटून पिणाऱ्या जिमवाल्या पोरांना एवढंच सांगावं : शिजलेल्या अंड्यातलं सुमारे ९० टक्के प्रथिन अंगी लागतं, कच्च्यातलं जेमतेम निम्मं.

संध्याकाळी अंड्याच्या ठेल्यावर उभे राहाल तेव्हा अंड्यापेक्षा सुरी आणि फडकं बघा. दोन भाग करून वर कांदा, कोथिंबीर, मसाला पेरलेलं अंडं झकास लागतं, पण ते डोळ्यांदेखत सोलून घ्या. आधीच सोलून रचलेल्या ढिगातलं नको. हातावरचे स्टॅफिलोकोकस जंतू अशा सोललेल्या अंड्यांवर वाढतात आणि विष सोडतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. जंतू मरतात, विष राहतं. म्हणून दुपारपासून बाहेर राहिलेली सावजी अंडाकरी रात्री उकळून घेतली की झालं, हेही खरं नाही. उरेल एवढी करी असेल तर जेवण झाल्याबरोबर उथळ भांड्यात काढा आणि तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढीच काढून चांगली उकळा.

करी गरम करायला मायक्रोवेव्ह वापरत असाल तर अख्खं अंडं त्यात घालू नका. टरफल नसलं तरी बलकात वाफ कोंडते आणि अंडं काढल्यावर, कधी दाताखाली, फुटतं. तोंड भाजल्याची उदाहरणं आहेत. अंड्याचे दोन तुकडे करा, मग गरम करा.