लिमिटिंग रिएजंट: मोल बरोबर, उत्तर चूक

मोल काढणं आणि समीकरण संतुलित करणं येतं असं धरतो. तरीही अकरावीत मार्क जातात, ते बहुतेक एकाच जागी: आधी कोणता पदार्थ संपणार (तोच लिमिटिंग रिएजंट), हे ठरवताना.

२४ ग्रॅम मॅग्नेशियम २० ग्रॅम ऑक्सिजनमध्ये जाळलं, तर मॅग्नेशियम ऑक्साइड किती? संतुलित समीकरणाप्रमाणे २ मोल मॅग्नेशियमला १ मोल ऑक्सिजन वायू लागतो आणि २ मोल ऑक्साइड मिळतं.

ग्रॅम पाहिले तर ऑक्सिजन कमी. मोल काढले तर मॅग्नेशियम २४ ÷ २४ = १, ऑक्सिजन २० ÷ ३२ = ०.६२५. पुन्हा ऑक्सिजनच कमी. इथेच फसगत होते. मिसळीच्या एका प्लेटला दोन पाव लागतात. १० पाव आणि ७ प्लेट मिसळ असेल तर संख्येने मिसळ कमी, पण पाचव्या प्लेटलाच पाव संपतात. म्हणून प्रत्येक पदार्थाच्या मोलना समीकरणातल्या त्याच्याच सहगुणकाने (पदार्थाआधीच्या आकड्याने) भागा. मॅग्नेशियम १ ÷ २ = ०.५, ऑक्सिजन ०.६२५ ÷ १ = ०.६२५. आधी संपतं मॅग्नेशियम! पुढचं सगळं त्याच्यावरून: ऑक्साइड १ मोल, म्हणजे ४० ग्रॅम. ऑक्सिजन ०.५ मोल, म्हणजे १६ ग्रॅम वापरला गेला, ४ ग्रॅम उरला. २४ + २० = ४४ आणि ४० + ४ = ४४. हा ताळा दर वेळी करा, सोडू नका.

ऑक्सिजन वायूला ३२ ऐवजी १६ ने भागलंत तर हा ताळाच वाचवतो. तेव्हाही उत्तर ४० ग्रॅमच दिसतं आणि चूक झाकली जाते, पण उरलेला ऑक्सिजन १२ ग्रॅम येतो आणि ४० + १२ = ५२, ४४ नाही.

सूत्राचे त्रिकोण (वस्तुमान, मोल, मोलर वस्तुमान एका त्रिकोणात) पाठ करून घेणाऱ्या क्लासवर माझा अजिबात विश्वास नाही. त्रिकोणात सहगुणक नसतो. प्रत्येक ओळीत एकक लिहायला लावणारे, त्यासाठी वही परत करणारे सर किंवा मॅडम मिळाले तर त्यांना धरून राहा. सुरुवातीला फार हळू जातं, त्याने घाबरू नका. दहा-पंधरा गणितांनंतर हात आपोआप चालतो.

द्रावणाच्या गणितात मिली लिटरचं लिटर करायला विसरलात की उत्तर हजारपट चुकतं. मोरचूद (कॉपर सल्फेटचे निळे स्फटिक) घेताना स्फटिकजल, म्हणजे स्फटिकातलं पाणी, धरा: ०.१ मोलर, २५० मिली द्रावणाला ०.०२५ मोल लागतात. स्फटिकजलासह मोलर वस्तुमान २४९.५, त्याने गुणलं तर ६.२४ ग्रॅम. निर्जल क्षाराचे १५९.५ घेतले तर ३.९९ ग्रॅमच येतं, आणि तेवढे निळे स्फटिक घालून द्रावण ०.०६४ मोलरच बनतं.

वायूच्या आकारमानाला २२.४ लिटर लावण्याआधी प्रश्नातला दाब वाचा. ० अंश सेल्सिअसला १ ॲटमॉस्फिअर असेल तर २२.४, १ बार असेल तर २२.७.