बायपास शस्त्रक्रियेत हृदयस्नायूचे रक्षण कसे करावे

इंदूरमध्ये माळवा-निमाडातून बायपाससाठी येणाऱ्या रुग्णांपैकी अनेकांना मधुमेह असतो आणि त्यांच्या तिन्ही धमन्या अरुंद झालेल्या असतात. येथे शिकणाऱ्या शल्यविशारदांनी आणि परफ्युजनिस्टांनी (हृदय-फुफ्फुस यंत्र चालवणाऱ्यांनी) म्हणून एक गोष्ट पक्की धरावी: कार्डिओप्लेजियाचे, म्हणजे हृदय थांबवून स्नायू जपणारे, द्रावण पंपातून गेले म्हणजे ते स्नायूपर्यंत पोहोचले असे होत नाही, कारण ज्या अडथळ्याने रक्त अडते त्यानेच द्रावणही अडते.

महाधमनीची झडप गळते का, हे शस्त्रक्रियेपूर्वीच इकोवर पाहावे. गळत असल्यास द्रावण डाव्या जवनिकेत शिरून ती फुगते. महाधमनीला क्लॅम्प (चिमटा) लावल्यावर पहिला डोस देताना महाधमनीच्या मुळाशी पाऱ्याचा सुमारे 60 ते 80 मि.मी. दाब राखावा, ईसीजीची रेषा सपाट होते का ते पाहावे आणि जवनिका हाताने चाचपावी. ती घट्ट लागली, तर द्रावण वाढवण्याआधी व्हेंट (जवनिका रिकामी ठेवणारी नळी) तपासावा. केवळ ठोके थांबल्यानेच प्राणवायूची गरज सुमारे 90 टक्के घटते, थंडीने त्यात थोडीच भर पडते. त्यामुळे स्तब्धता पूर्ण असणे बर्फापेक्षा महत्त्वाचे आहे. बर्फाचा चुरा डाव्या बाजूस साचू दिल्यास श्वासपटल हलवणारा फ्रेनिक मज्जातंतू दुखावतो, हेही विसरू नये.

डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असेल, तर कोरोनरी सायनसमधूनही (हृदयाच्या मुख्य शिरेतून, उलट दिशेने) द्रावण द्यावे, मात्र दाब 40 मि.मी.च्या वर जाऊ देऊ नये. या मार्गाने उजव्या जवनिकेला फारच कमी पोहोचते. उजवी धमनी बंद असलेल्या रुग्णात तिचा शिरेचा ग्राफ्ट (अडथळ्यापलीकडे जोडायची वाहिनी) आधी जोडून त्यातूनच द्रावण द्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

रक्तमिश्रित द्रावण दर 15 ते 20 मिनिटांनी पुन्हा द्यावे. डेल निडो द्रावण (एका डोसवर जास्त वेळ टिकणारा कार्डिओप्लेजियाचा प्रकार) वजनाच्या दर किलोला 20 मि.लि., सहसा 1 लिटरपर्यंत देतात आणि त्यावर 60 ते 90 मिनिटे मिळतात; तरीही त्याआधी विद्युत हालचाल दिसली, तर घड्याळाकडे न पाहता पुढचा डोस द्यावा. परफ्युजनिस्टाने वेळ मोठ्याने सांगावी, आणि शल्यविशारदाने टाका अर्धवट असला तरी ती ऐकावी.

क्लॅम्प काढण्यापूर्वी हृदयातील हवा बाहेर काढावी. नंतर हृदय काही काळ रिकामेच धडधडू द्यावे, औषधांची घाई करू नये. तंतुकंपन (हृदयाची विस्कळीत थरथर) टिकून राहिले, तर तापमान व पोटॅशियम पाहून शॉक द्यावा. आणि एखाद्या भागाची हालचाल मंद राहिली, तर त्या भागाच्या ग्राफ्टला पीळ पडला आहे का, हे छाती मिटण्याआधी तपासावे.