जुनी चेनसॉ घेताना आणि सुरू करताना या चुका टाळा

सेकंडहँड चेनसॉ घरी आली की हात आपोआप स्टार्टरच्या दोरीकडे जातो. तो हात आधी आवरा. वर्षानुवर्षं पडून असलेल्या इंजिनातली ऑइल सीलं वाळलेली असतात, पेट्रोलची नळी कडक होऊन चिरलेली असते. अशी चेनसॉ सुरू झाली नाही तर बरंच म्हणायचं. सुरू झाली तर खरा धोका! चिरेतून फुकटची हवा शिरते आणि पेट्रोलचं प्रमाण घटतं. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं, त्यामुळे पेट्रोल घटलं की तेलही घटतं.

हे मी एकदा करून बसलोय. तिसऱ्या ओढीला सुरू झाली, आवाज खणखणीत, मी खूश. दोन ओंडके कापले. तिसऱ्यात आवाज चढत चढत शिट्टीसारखा झाला आणि एकदम थांबला. दोरी हलेचना. सायलेन्सर काढून बघितलं, तर पिस्टनवर नांगरट केल्यासारख्या उभ्या रेघा.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी सायलेन्सर खोलायचा. दोन-तीन बोल्टचं काम. बॅटरीचा उजेड टाकून, दोरी हळूहळू ओढत पिस्टन खाली-वर करून बघायचा. पिस्टनचा अंगभर रंग सारखा, त्यावर कारखान्यातल्या बारीक आडव्या रेषा अजून दिसतायत, तर चेनसॉ घेण्यासारखी आहे. फक्त सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर ती तेलाविना किंवा कमी पेट्रोलवर चाललेली आहे. कार्ब्युरेटरच्या बाजूला घासलेली असेल तर एअर फिल्टरमधून धूळ आत गेली असण्याची शक्यता जास्त. विकणारा हे बघू देत नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायला गेज नसेल तर चेनसॉ फक्त दोरीच्या मुठीवर उचलून धरा. चांगलं इंजिन झटके देत, थांबत थांबत खाली येतं. सरळ घसरत खाली आली तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. गेज असेल तर 150 पीएसआयच्या आसपासचा आकडा निर्धास्त समजा. 110च्या खाली गेलं की सुरू करतानाच जीव मेटाकुटीला येतो. ज्यांना डीकॉम्प्रेशनचं (दोरी ओढताना दाब सोडणारं) बटण आहे, त्यांची परीक्षा ते बटण न दाबता घ्यायची, नाहीतर चांगली चेनसॉही नापास होईल.

स्टिकर वाचून मॉडेल ठरवणे

वरचं प्लास्टिकचं आवरण चार स्क्रूंचं असतं आणि ते कुणीही बदलू शकतं. स्टिल (Stihl) कंपनीची 038 बघा. एकाच अंगात एव्ही, सुपर आणि मॅग्नम अशा तीन आल्या, साधारण 61, 67 आणि 72 सीसीच्या. बाहेरून बहिणी. मॅग्नमचं आवरण घातलेली एव्ही मॅग्नमच्या भावात सहज खपते. तिघींचा स्ट्रोक (पिस्टनची खाली-वर चाल) एकच आहे, फरक बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा: 48, 50 आणि 52 मिलिमीटर. सिलिंडर उतरवून व्हर्नियर लावला की वाद मिटतो.

स्टिलच्या क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर, ओतीवात चार आकडी मालिका क्रमांक असतो, तो स्टिकरपेक्षा भरवशाचा. 1121 म्हणजे 024 आणि 026 चं घराणं, 1125 म्हणजे 034 आणि 036, 1119 म्हणजे 038, 1128 म्हणजे 044 आणि 046, 1122 म्हणजे 064 आणि 066. मात्र छोट्या भागांवरचे आकडे बघून घाबरू नका, कारण असे भाग कंपनीच एका मालिकेतून दुसरीत वापरते. पुढे नावं बदलली तेव्हा 026 ची एमएस 260 झाली आणि 044 ची एमएस 440. सुटे भाग शोधताना दोन्ही नावांनी शोधा.

हुस्कवर्ना कंपनीच्या 61, 266, 268 आणि 272 या एकाच घराण्यातल्या. 61 च्या क्रँककेसवर 272 चं सिलिंडर बसवलेलं बऱ्याचदा सापडतं. ती फसवणूक असेलच असं नाही, काम नीट केलं असेल तर उलट फायदाच. स्टिलची 070 मात्र जपून घ्या. तिच्या नकला इतक्या झाल्यात, की ‘जुना पण न वापरलेला माल’ म्हटलं की मी आधी ओतीवाचे कोपरे बघतो.

परदेशातली मांडणी डोळे झाकून उचलणे

चेनसॉ जिथे राबली तिथली मांडणी घेऊनच ती तुमच्याकडे येते. अमेरिकेच्या वायव्य भागात, जिथे डग्लस फरची प्रचंड झाडं आणि तीव्र उतार, तिथे 28 ते 36 इंची बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी), चेनसॉभोवती पूर्ण गोल वळवलेलं हँडल आणि खोडात रुतवून टेकू घ्यायचे मोठे दाते चालतात. लांब बारमुळे आडव्या खोडावरच्या फांद्या न वाकता छाटता येतात, गोल हँडलमुळे दोन्ही बाजूंनी पकड मिळते. एवढ्या लांबीवर चेनचे कटर मुद्दाम विरळ ठेवतात, म्हणजे भुसा अडकत नाही. स्वीडन-फिनलंडकडे उलट. खोडं बारीक, फांद्या छाटायचं काम जास्त, म्हणून 13 ते 15 इंची बार, .325 पिचची (पिच म्हणजे चेनच्या दुव्यांमधलं अंतर, इंचात) चेन आणि गरम होणारी हँडल. ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या जातींचं टणक लाकूड, म्हणून तिथे धार जास्त टिकणारी, गोलसर कोपऱ्याची सेमी-चिझल चेन बरी पडते.

चूक कुठे होते? 60 सीसीच्या चेनसॉवर फोटोत बघितलेला 32 इंची बार चढवला जातो. इंजिन दमतं ते सोडा, ऑइल पंप तेवढ्या लांबीला तेल पुरवू शकत नाही आणि बारचं टोक निळं पडतं.

थंड मुलखातून आलेल्या चेनसॉमध्ये आणखी एक गंमत असते. सिलिंडरजवळची गरम हवा कार्ब्युरेटरकडे वळवणारी छोटी झडप किंवा पट्टी. ती दहा अंशांखालच्या हवेसाठी असते. वीस अंशांच्या वर तीच हिवाळी बाजूला राहिली तर इंजिन तापतं, गरम झाल्यावर बंद पडतं, आणि लोक बिचाऱ्या ठिणगी देणाऱ्या कॉइलला दोष देत बसतात.

चेन घेताना ‘तशीच द्या’ म्हणून भागत नाही. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून निम्मं करा, तो पिच. 16.5 मिमी आलं तर .325, 19 आलं तर 3/8, साडेवीस आलं तर .404. पिच स्प्रॉकेटशी (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाशी) जुळला पाहिजे आणि ड्राइव्ह लिंकची (चेनच्या आतल्या दात्यांची) जाडी बारच्या खाचेशी.

लक्षण एक, दुरुस्ती भलतीच

पाच मिनिटं चालून बंद, थोडं थांबलं की पुन्हा चालू: आधी टाकीचं झाकण सैल करून बघा. सैल केल्यावर चालत असेल तर टाकीचा हवेचा मार्ग तुंबला आहे.

रेस चढतच नाही: सायलेन्सरमधली ठिणगी अडवणारी जाळी काजळीने बुजलेली असते. उत्तर अमेरिकेतल्या चेनसॉमध्ये ही जाळी हमखास सापडते.

आयडलिंग कमी-जास्त होतं, चेनसॉ कलती केली की आवाज बदलतो: स्क्रू फिरवत बसू नका. हवा कुठून तरी शिरतेय. सीलं आणि कार्ब्युरेटरमागचा रबरी बूट तपासा. स्क्रूने पेट्रोल वाढवून गळती झाकता येते, पण पिस्टनचा हिशेब तसाच राहतो.

क्लच सोडवताना इंजिन अडवायला स्पार्क प्लगच्या भोकात स्क्रू-ड्रायव्हर अडकवू नका, पिस्टनला भोक पडेल. एक्झॉस्टचं तोंड पिस्टनने झाकलं गेल्यावर प्लगच्या भोकातून दोरी भरा आणि मगच फिरवा. क्लचचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने सुटतो.

तेलाचं प्रमाण हा कायमचा वाद. जुन्या टाकीवर 16:1 किंवा 25:1 (पेट्रोल:तेल) कोरलेलं असतं, ते त्या काळच्या तेलासाठी होतं. आजच्या चांगल्या टू-स्ट्रोक तेलाने 16:1 केलं तर धूर आणि एक्झॉस्टमध्ये काजळीचे थर. मी जुन्यांना 40:1 देतो. प्रमाण बदललं की कार्ब्युरेटर पुन्हा लावावा लागतो, कारण तेल वाढवलं की त्याच जेटमधून (बारीक छिद्रातून) पेट्रोल कमी येतं. हे अनेकांना उलटं वाटतं. लाकडाबाहेर पूर्ण रेसला आवाज जरा फुटका, घरघरता हवा आणि लाकडात शिरल्यावर स्वच्छ व्हायला हवा. बाहेरच स्वच्छ किंचाळत असेल तर कार्ब्युरेटरचा ‘एच’ (पूर्ण रेसच्या पेट्रोलचा) स्क्रू थोडा उघडा.

आणि चेन ब्रेक. आपोआप लागणारा ब्रेक हुस्कवर्नाने 1973 मध्ये आणला. त्याआधीच्या बऱ्याच चेनसॉना तो नाहीच, बार उसळला तर मध्ये काही नाही. अशा मी दुरुस्त करतो, चालवून आवाज ऐकतो आणि परत फळीवर ठेवतो. ज्यांना ब्रेक आहे, त्यांचा पट्टा उघडून जाडी बघा. झिजून कागदासारखा पातळ झालेला पट्टा खटका देतो, चेन मात्र फिरतच राहते.