आरव्हीच्या टाकीत पाणी भरताय? या चुका टाळा

ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटच्या वाळवंटात हिवाळ्यात आरव्ही (चाकांवरचं घर, आमचं म्हणजे गाडीमागे ओढायचा ट्रेलर) लावून राहायचं, म्हणजे ना नळ, ना वीज, ना ड्रेनेज. आमच्या ट्रेलरची टाकी 40 गॅलनची, म्हणजे दीडशे लिटर. दोघांनी हात आखडता ठेवला तर आठवडा निघतो. पाहुणे आले आणि एकाने जरी घरच्यासारखी आंघोळ केली, की तिसऱ्याच दिवशी पंप खडखडायला लागतो. पाणी मिळवणं तसं अवघड नाही. इथल्या ला पोसा या सरकारी जमिनीवरच्या मुक्कामाच्या भागात परमिटवाल्यांसाठी पाणी आणि डम्प स्टेशन (सांडपाणी-मैला ओतायची जागा), दोन्ही आहे. घोळ होतो तो पाणी टाकीत जाताना.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भलत्याच तोंडाला नळी लावणं. ट्रेलरच्या अंगाला पाण्याची दोन-तीन तोंडं असतात. ‘सिटी वॉटर’ म्हणजे बाहेरचा नळ थेट जोडायचं तोंड, त्यातून पाणी थेट आतल्या पाइपांत जातं. टाकीकडे वळवायचा व्हॉल्व नसेल, तर तिथे अर्धा तास नळी लावून ठेवली तरी टाकीत थेंब पडत नाही. टाकी भरायचं तोंड वेगळं असतं, साधं बुच असलेलं. तिसरं तोंड असतं ‘ब्लॅक टँक फ्लश’, संडासाची टाकी धुवायचं. त्याचे आटे अगदी सिटी वॉटरसारखेच! त्याला नळी लावून, खालचा व्हॉल्व बंद ठेवून माणूस गप्पा मारायला गेला, तर पुढे काय वर येतं ते जेवताना वाचणाऱ्यांसाठी लिहीत नाही. लावण्याआधी पाटी वाचा, एवढंच.

डम्प स्टेशनवर बहुधा दोन नळ असतात. एकावर ‘पिण्यासाठी नाही’ अशी पाटी असते, तो घाण धुवायचा. दुसरा पिण्याचा, पण काही महाभाग आपली मैल्याची नळी त्याच तोटीखाली विसळतात. म्हणून आधी तोटीवर ब्लीचचं पाणी फवारा, थोडं पाणी वाहू द्या आणि मगच आपली नळी लावा. नळी पिण्याच्या पाण्यासाठीचीच हवी, पांढरी किंवा निळी मिळते ती. बागेच्या हिरव्या नळीने भरलेल्या पाण्याचा चहा एकदा प्या, पुन्हा सांगावं लागणार नाही. तोटीला आटे नसतील तर तिच्यावर चढवून नळी जोडायचं रबरी टोपण मिळतं, ते जवळ असू द्या.

भरताना पाणी उलट अंगावर येतं? टाकी भरली असं समजू नका. आतली हवा बाहेर पडायला वाट मिळत नसते. नळी दोन बोटं मागे ओढा, नळ थोडा बारीक करा. तरीही उसळत असेल तर हवेची नळी कुठे मुडपली आहे का ते पाहा.

प्रत्येक वेळी ट्रेलर हलवायचा नसेल तर कॅन. सात गॅलनचा निळा कॅन भरला की साडेसव्वीस किलोचा होतो आणि तो छातीपर्यंत उचलून नरसाळ्यात ओतायचा असतो. लहानपणी हंडे वाहिलेत म्हणून मी हौसेने दोन ओतले, तिसऱ्याला पाठीत उसण भरली. पिकअपमध्ये 60 गॅलनची पाण्याची पिशवी टाकणाऱ्यांनीही हिशेब करावा: ते सव्वादोनशे किलो आहे.

यावर एक युक्ती आहे. पंपापाशी हिवाळी अँटीफ्रीझ (थंडीत पाइप गोठू नयेत म्हणून भरायचं द्रव) ओढायची एक छोटी नळी असते. ती स्वच्छ धुऊन कॅनमध्ये सोडायची, पंपाजवळचा व्हॉल्व टाकीकडून त्या नळीकडे फिरवायचा आणि बाहेरच्या शॉवरची नळी टाकीच्या तोंडात धरायची. पंप कॅनमधलं पाणी आपोआप टाकीत नेऊन टाकतो. रॉकेल ओढायच्या नळीचीच सुधारलेली आवृत्ती.

आणि इथूनच पुढची तक्रार उगवते: टाकी भरलेली, पंप घरघरतोय, नळाला पाणी नाही. आम्ही अंधारात टॉर्च धरून तासभर पंपाला दोष दिला. व्हॉल्व परत टाकीकडे फिरवायला विसरलो होतो, पंप नुसती हवा ओढत होता! तेव्हा पहिला संशय त्या व्हॉल्ववर. तो बरोबर असेल तर पंपाच्या तोंडाशी पारदर्शक वाटीतली जाळी काढून धुवा. नव्या टाकीत प्लॅस्टिकचा कीस निघतो, तो तिथे अडकतो. वाटी परत नीट आवळा, सैल राहिली तरी पंप हवाच खातो. मग सिंकचा थंड पाण्याचा नळ उघडा ठेवा. फुरफुर करत आधी हवा येईल, मग पाणी.

कोणी नळ उघडलेला नसताना रात्री पंप मधूनच ‘टर्र’ करून थांबत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा पंपातला उलट पाणी अडवणारा व्हॉल्व गेला आहे. आधी ट्रेलरखाली वाकून वाळू ओली आहे का पाहा. टाकीखालच्या निचऱ्याच्या तोट्या उघड्या राहणं हे नेहमीचंच.

पाण्याला वास येत असेल तर 15 गॅलनला पाव कप बिनवासाचं ब्लीच, आधी बादलीभर पाण्यात मिसळून. सगळ्या नळांना वास येईपर्यंत ते खेळवायचं, रात्रभर ठेवायचं, मग वास जाईपर्यंत टाकी धुऊन काढायची.

टाकी किती भरली हे सांगणाऱ्या दिव्यांवर मात्र विसंबू नका. एक तृतीयांश, दोन तृतीयांश, भरली, एवढंच त्यांना कळतं. मी कॅन मोजते. रिकाम्या टाकीत पाच पूर्ण जातात. सहावा पाऊण झाला की खालून पाणी सांडायला लागतं, उरलेलं चहाला.