घुमट आरतीचे मंडळ टिकवायचे कसे?

आमच्या गोव्यात चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, महिना उरला की वाड्यावरचे घुमट खाली काढले जातात (घुमट म्हणजे मोठ्या तोंडावर चामडे ताणलेले, लहान तोंड उघडे असलेले मातीचे वाद्य; त्याच्या साथीने आरत्या म्हणतात), पंधरा-वीस जण जमतात आणि विसर्जन झाले की पांगतात. पुढच्या वर्षी त्यातले निम्मेच दिसतात. चाळिशी-पन्नाशीतली माणसे गाता येत नाही म्हणून मंडळ सोडत नाहीत. आपल्यावाचून इथे काही अडत नाही हे कळले की सोडतात. तेव्हा प्रत्येकावाचून काहीतरी अडेल अशी सोय करा.

आधी वार ठरवा. वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीवर जाणारा, बस चालवणारा, दुकान बंद करून येणारा, या सगळ्यांना जमेल अशी वेळ नसतेच, शोधत बसू नका. आमचा बुधवार, रात्री साडेआठ, देवळाचा सभामंडप. चार जण आले तरी सुरू.

मग कामे वाटा. घुमटाचेच घ्या. पूर्वी त्यावर घोरपडीचे चामडे असे. वन्यजीव संरक्षणाच्या 1972च्या कायद्यामुळे ते आता चालत नाही, बकऱ्याचे चढवतात. श्रावणातल्या दमट हवेत चामडे सैल पडते आणि आवाज बसतो. सरावाआधी कोणीतरी ते शेकायला हवे, निखाऱ्यापासून हातभर लांब धरून, फिरवत फिरवत, मधूनमधून टिचकी मारून बघत. आमच्याकडे हे काम एका काकांकडे आहे. सुराशी त्यांचे फारसे जमत नाही. पण ते आले नाहीत तर घुमट भद्द वाजतो आणि तिघे एकदम त्यांना फोन लावतात.

नव्या माणसाच्या हाती आधी कासाळे, म्हणजे मोठ्या झांजा, द्या आणि त्याला जुन्या घुमटवाल्याच्या डाव्या बाजूला बसवा. घुमटाच्या लहान तोंडावरचा हात कधी झाकायचा, कधी उघडायचा हे तिथूनच नीट दिसते. शामेळ (काठ्यांनी वाजवायचे तालवाद्य) मात्र ज्याचा हात बसला आहे त्याच्याकडेच ठेवा, तिथे दाक्षिण्य नको. आरत्या मराठी, गप्पा कोंकणीत, त्यामुळे शब्द पाठ असल्याचा प्रत्येकाचा भ्रम असतो. मोठ्या अक्षरांत वही लिहून काढा; चष्मा घरी विसरलेले दुवा देतील.

कोणी ताल चुकला तर आरती थांबवून त्याचे नाव घेऊ नका. मी घेतले होते. निवृत्त मास्तर, जन्मभर इतरांच्या चुका काढलेला माणूस. ‘बरं’ म्हणाले, चपला घातल्या आणि गेले. दोनदा त्यांच्या घरी गेलो. चहा मिळाला, मास्तर काही परत आले नाहीत. आता चुकलेली ओळ सगळ्यांकडूनच तीनदा म्हणून घेतो.

स्पर्धेची घाई नको. मंचावर मोजकेच जण बसतात, उरलेले प्रेक्षक होतात आणि पुढच्या बुधवारी येत नाहीत. जायचेच असेल तर कोण बसणार हे आधीच सगळ्यांदेखत ठरवा. ताटात पडलेल्या पैशांचा हिशेब त्याच रात्री वाचून दाखवा. सरावानंतरच्या चहाला अर्धा तास ठेवाच. कोणाची आई आजारी, कोणाची पाळी बदलली, हे तिथेच कळते.

चवथीला घरोघरी जायची यादी करताना न येणाऱ्यांची घरे गाळू नका. मास्तरांचे घर आमच्या यादीत अजून आहे. तिथे आम्ही एक आरती जास्त म्हणतो, आणि कासाळ्यांची एक जोडी रिकामी ठेवतो.