पद्मिनी-अ‍ॅम्बॅसिडरवाल्यांनो, प्लग आणि वायर घेताना या चुका टाळा

जुनी गाडी नव्याने घेतलेल्यांचा एक क्रम ठरलेला असतो. गाडी गचके खाते म्हणून आधी स्पार्क प्लग, म्हणजे ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारे प्लग, बदलायचे. गचके थांबले नाहीत की त्याहून महागाचे प्लग टाकायचे. मग प्लगपर्यंत करंट नेणाऱ्या लाल सिलिकॉनच्या वायरींचा सेट. शेवटी कधीतरी कुणी डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला करंट वाटणारा भाग) उघडून त्यातल्या पॉइंटची, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांची, गॅप बघतो, गाडी सुतासारखी सरळ चालायला लागते, आणि डिकीत चांगले प्लग खोक्यासकट पडून राहतात.

पूर्वी हे निभावून जायचं. नाक्यावर टॅक्सीवाला उभा असायचा, त्याच्या हातात प्लग दिला की तो उन्हात धरून बघायचा आणि दुखणं कुठे आहे ते सांगायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. आता सल्ला मिळतो तो काउंटरवरच्या पोराकडून, आणि त्याला ठिणगीपेक्षा खोक्यावरची किंमत जास्त कळते.

काळा प्लग दिसला की ‘हॉट’ प्लग टाकणे

ही चूक माझ्या सगळ्यात डोक्यात जाते, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो.

प्लगचं हॉट-कोल्ड ठिणगीवर ठरत नाही. आतल्या पांढऱ्या चिनीमातीचं नाक लांब असेल तर उष्णता हेडकडे (प्लग बसतो त्या इंजिनच्या वरच्या भागाकडे) सावकाश जाते, टोक तापलेलं राहतं, तो हॉट प्लग. नाक आखूड असेल तर कोल्ड. टोकाला साधारण ४५० अंशांच्या वर राहावं लागतं, म्हणजे काजळी आपोआप जळते. पण ८५० च्या आसपास गेलं की ठिणगी पडायच्या आधी तापलेल्या टोकानेच पेट्रोल पेटतं. तिथून पिस्टनची वाट लागायला वेळ लागत नाही.

त्यात नंबरांचा घोळ. एनजीकेमध्ये नंबर चढला की प्लग थंड. बॉशच्या आत्ताच्या नंबरांत उलटं, चढला की गरम. चॅम्पियनमध्येही चढला की गरम. आणि एखाद्या जुन्या दुकानात बॉश-मायकोचा १४५, १७५, २२५ असा तीन आकडी नंबरचा माल मिळाला तर पुन्हा उलटं, मोठा आकडा थंड. एनजीकेचा ६ आणि बॉशचा ७ साधारण एकाच जागी बसतात. त्यामुळे ‘एक नंबर कमी कर’ असं कुणी फोनवर सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठल्या कंपनीचा?

पार्ल्याचे एक ओळखीचे काका. पद्मिनी, निगुतीने ठेवलेली, पण चालायची फक्त घर ते स्टेशन. प्लग सारखे काळे पडायचे. कुणीतरी त्यांना सांगितलं की हॉट प्लग टाका, काळे पडणार नाहीत. त्यांनी एनजीकेचा ६ काढून ४ टाकला. खरंच काळे पडायचे थांबले, काका खूष. मी तेव्हाच म्हटलं होतं, “काका, काजळी येते कुठून ते तर बघा.” ते म्हणाले, “अरे, गाडी पळतेय ना? मग कशाला खाजवायचं?”

काजळी येत होती चोकमुळे, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणाऱ्या झडपेमुळे. चोकची केबल गंजून अडकत होती आणि झडप अर्धवट बंदच राहत होती. पुढे सर्व्हिसिंगला मेकॅनिकने केबल बदलली, मिश्रण जागेवर आलं. प्लग मात्र ४ नंबरचेच राहिले, कारण ‘ते चांगले चाललेत’. तोवर जास्तीचं पेट्रोलच टोकाला थंड ठेवत होतं. ते थांबलं आणि काका मे महिन्यात, माणसं आणि सामान भरून, लोणावळ्याला निघाले. खंडाळ्याच्या घाटात इंजिन खडखडायला लागलं. वर पोचून चावी बंद केली तरी इंजिन हुंदके देत चालूच. प्लग काढले तेव्हा चिनीमाती खडूसारखी पांढरी, तिच्यावर फोड, आणि एकाचा इलेक्ट्रोड (ठिणगी पडते ते धातूचं टोक) झिजून नुसता खुंट उरलेला. हेड उतरवल्यावर तिसऱ्या पिस्टनची कड खाल्लेली दिसली. चोकच्या एका केबलचं दुखणं पिस्टनवर बेतलं.

माझी सवय सांगतो. गाडीच्या पुस्तकात दिलेलाच प्लग, किंवा त्याचा दुसऱ्या कंपनीतला नेमका जोडीदार. काळा पडला तर क्रमाने चोक, कार्बुरेटर, एअर फिल्टर, पॉइंट. प्लगचा नंबर बदलायची पाळी माझ्यावर क्वचितच येते.

आणि रंग बघायचा तर नीट बघा. दादर ते सायन ट्रॅफिकमध्ये रखडून आल्यावर कुठलाही प्लग काळाच दिसणार. पहाटे फ्रीवेवर गाडी एका वेगात चालवा, उतरल्यावर सुरक्षित जागा बघून आयडलवर न ठेवता चावी बंद करा, इंजिन थोडं निवू द्या, मग प्लग काढा. ‘विटकरी रंग आला पाहिजे’ हा जुना ठोकताळाही शिशाच्या पेट्रोलच्या काळातला. शिसं २००० सालीच गेलं. आता फिकट राखाडी किंवा बदामी दिसला तरी समाधान माना.

लांबी न बघणे

आटे जुळले म्हणजे प्लग बसला, असं नसतं. १४ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांचे बहुतेक प्लग एकमेकांच्या जागी फिरतात, पण आट्यांची लांबी १९ मिलिमीटर आहे की १२.७ हे वेगळंच प्रकरण. एनजीकेच्या बीपी६ईएसमधला ‘ई’ म्हणजे १९, बीपी६एचएसमधला ‘एच’ म्हणजे १२.७. विलीज जीपचे मूळचे प्लग तर याहूनही आखूड. लांब प्लग आखूड जागी घातला तर पिस्टनला भेटायला जातो. आखूड प्लग लांब जागी घातला तर उरलेल्या आट्यांत कार्बन भरतो आणि पुढे बरोबर प्लग घालताना तोच आडवा येतो. जुना प्लग दुकानात घेऊन जा, नव्याशेजारी उभा करा. मात्र जुना तरी बरोबर होता का, हे घरूनच पुस्तकात बघून निघा.

पान्याला पाइप लावून आवळणे

जुन्या अ‍ॅम्बॅसिडरचं हेड बिडाचं, ते थोडं सोसतं. पद्मिनीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. गरम इंजिनमध्ये प्लग आवळायचा आणि वर ‘सुटायला नको’ म्हणून पान्याला पाइप लावायचा, हा उद्योग एका तरुण पोराने माझ्या डोळ्यांदेखत केला. मी हां-हां करेपर्यंत आवळून झालंही होतं. पुढच्या वेळी प्लग काढला तर त्याच्याबरोबर हेडचे आटे स्प्रिंगसारखे वेटोळे होऊन बाहेर आले. मग हेलीकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायचं तारेचं वेटोळं) बसवणारा शोधा, हेड उतरवा, गॅस्केट नवी. दोनशे रुपयांच्या कामाचे किती झाले ते त्याने घरी सांगितलं नाही.

इंजिन थंड हवं. प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा चढवा आणि नळीनेच फिरवत न्या. आटे वाकडे लागले तर नळी घसरते, पाना घसरत नाही, तो आटे कापत जातो. बोटाने टेकल्यावर नवीन वॉशरला अर्धा फेरा, फार तर त्याहून थोडा जास्त. जुन्या दबलेल्या वॉशरला नुसता जरासा.

गॅप

‘खोक्यातून सेट होऊन येते’ हे दुकानदाराचं म्हणणं आहे, इंजिनचं नाही. प्लगच्या दोन इलेक्ट्रोडमधली ही फट पॉइंटच्या गाडीला ०.६ ते ०.७ मिलिमीटरच्या आसपास लागते, आजच्या गाड्यांच्या प्लगांना एक मिलिमीटरपर्यंतही असते. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या, फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड वाकवा, मधल्यावर जोर देऊ नका.

वायरी: दिसायला सुंदर, जागेला चुकीच्या

जुन्या लुकस डिस्ट्रिब्युटरच्या काही टोप्यांत वायर आतून टोकदार स्क्रूने पकडतात. तिथे तांब्याच्या तारेचीच वायर लागते. कार्बनची वायर घातली तर स्क्रू त्या नाजूक कार्बनच्या गाभ्यात घुसतो, काही दिवस करंट येतो, मग येईनासा होतो. उलट, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर नुसत्या तांब्याच्या वायरीमुळे त्याचं मॉड्युल भंजाळू शकतं, तिथे रेझिस्टन्स (करंटला अडथळा) हवा. पण एकाच ठिकाणी. रेझिस्टरवाला प्लग, प्लगवर चढणारी रेझिस्टरची टोपी आणि वर कार्बनची वायर असं तिन्ही लावलं की पॉइंटच्या बिचाऱ्या ठिणगीत काही उरत नाही.

आपल्याकडे वायरीचा खरा शत्रू म्हणजे खारी हवा आणि जुलै. टर्मिनलवर हिरवट बुरशीसारखा गंज धरतो, रबराच्या बुटात पाणी साठतं. पावसाळ्याआधी एका रात्री सोसायटीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बॉनेट उघडून इंजिन आयडलवर ठेवा आणि बाटलीने वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा. हात, फवारा आणि कपडे पंख्यापासून लांब, वायरींना स्पर्श नाही. गळकी वायर निळसर चमकते, बारीक चटचट आवाज येतो. हे घरी केलेलं बरं, नाहीतर हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यात करावं लागतं. वायर चांगली निघाली तर डिस्ट्रिब्युटरची टोपी आतून बघा. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर पुसत बसू नका, टोपी बदला.

बाकी किरकोळ. वायर धरून ओढू नका, बूट धरून काढा. वाळूच्या मशीनने प्लग साफ करून घेऊ नका, अडकलेला कण सिलिंडरमध्येच जातो. पॉइंटच्या गाडीत इरिडियमचे प्लग म्हणजे पैशाची हौस. डुप्लिकेट माल भरपूर आहे, चिनीमातीवरची छपाई नखाने निघाली तर परत करा. आणि सगळ्या वायरी एकदम उपटून ठेवू नका. दोन्ही गाड्यांचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२ आहे हे पाठ असतं सगळ्यांना, पण रोटर (टोपीखाली फिरून करंट वाटणारा तुकडा) कुठल्या बाजूने फिरतो आणि टोपीत एक नंबर कुठला, हे विचारायला रविवारी दुपारी फोन येतात. एक काढा, तिच्याच लांबीची नवी लावा, मग दुसरीला हात लावा.