बाबांची बाहुली आणि तेरा अठ्ठे

डोकं चालवलं की डोळ्याची बाहुली थोडी रुंदावते; तेच मला घरी बाबांच्या डोळ्यात मोजायचं होतं. पहिल्यांदा मी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि सपशेल फसले. बाबांची बुबुळं गडद तपकिरी, त्यात काळी बाहुली कुठे संपते तेच दिसेना. इन्फ्रारेड कॅमेरा घ्या. त्यात तपकिरी बुबुळ फिकट राखाडी दिसतं आणि बाहुली काळीभोर. इन्फ्रारेड दिवा मात्र हातभर लांबच ठेवा. तो उजेड दिसत नाही, म्हणून डोळा आपणहून मिटतही नाही.

खरी कटकट उजेडाची. बाहुली २ ते ८ मिलिमीटरपर्यंत बदलते ती मुख्यतः प्रकाशामुळे. डोकं चालवल्याने पडणारा फरक जेमतेम अर्धा मिलिमीटर. म्हणून पडदे ओढा, एकच दिवा लावा, टीव्ही बंद. जवळ पाहिलं तरी बाहुली आकसते, तेव्हा समोरच्या भिंतीवर फुली चिकटवा आणि नजर तिथेच ठेवायला सांगा. हनुवटीखाली पुस्तकांची चळत. मग पाच मिनिटं नुसतं बसू द्या.

आता काम द्या. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि जॅक्सन बीटी यांनी १९६६ मध्ये आकडे लक्षात ठेवायला लावून बाहुली मोजली होती. काहनेमन यांचाच एक खेळ सोपा आहे: सेकंदाला एक अशा ठेक्यात चार आकडे म्हणा, ४-१-७-३. क्षणभर थांबून समोरच्याने प्रत्येकात एक मिळवून त्याच ठेक्यात सांगायचं, ५-२-८-४. एकाऐवजी तीन मिळवायला लावा, घाम फुटतो.

मोजायला बुबुळच पट्टी. त्याची रुंदी साधारण १२ मिलिमीटर. व्हिडिओत ती २४० पिक्सेल भरली तर २० पिक्सेल म्हणजे एक मिलिमीटर. आकडे सुरू होण्याआधीच्या एका सेकंदाची सरासरी काढा आणि नंतरच्या मापांतून वजा करा. पापणी लवली त्या, आणि तिच्या आगेमागेच्या फ्रेम फेकून द्या. एका फेरीवर विसंबू नका, दहा तरी घ्या.

त्यांच्याआधी एकहार्ड हेस आणि जेम्स पोल्ट यांनी १९६४ मध्ये बाहुली मोजताना तोंडी गुणाकार दिले होते. त्यांत ८ गुणिले १३ होता, १६ गुणिले २३ही. बाबा बँकेतले जुने कॅशियर, पाढे तोंडपाठ. तेरा अठ्ठे विचारलं, बाहुली ढिम्म. तेवीस सोळेला मात्र फुगली, आणि मध्येच आकसली. मला वाटलं, डोक्यातलं काम संपलं, उत्तर आलं.

"सोडून दिलं गं," म्हणाले.

म्हणून प्रत्येक फेरीनंतर उत्तरही लिहून घ्या.